जुन्या फ्लॉप्या आणि त्यांचे ड्राइव्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे आठ इंची, सव्वापाच इंची, साडेतीन इंची आणि थोडक्यात तीन इंची फ्लॉप्यांबद्दलची उत्तरं आहेत. प्रश्न कुठल्याही क्रमाने वाचले तरी चालतील. मात्र हातात जुनी फ्लॉपी असेल आणि ती ड्राइव्हमध्ये घालायच्या बेतात असाल, तर लिहिण्यापासून संरक्षण आणि बुरशी हे दोन प्रश्न आधी वाचा.

जास्त माहिती मावणारी फ्लॉपी असताना जुन्या, कमी क्षमतेच्या फॉर्मॅटचं कौतुक कशासाठी?

कारण कमी क्षमता म्हणजे प्रत्येक बिटला जास्त जागा. १.४४ एमबीच्या साडेतीन इंची फ्लॉपीवर सर्वांत आतल्या ट्रॅकवर (चकतीवर माहिती ज्या गोल रेघांत लिहितात त्यांपैकी एकीवर) एका इंचात १७,४३४ बिट बसवलेले असतात. ७२० केबीच्या फ्लॉपीवर त्याच जागेत बरोबर निम्मे, म्हणजे ८,७१७. सव्वापाच इंची ३६० केबीवर साधारण ५,९०० आणि आठ इंची सिंगल डेन्सिटीवर त्याहूनही कितीतरी कमी. ट्रॅकच्या रुंदीचंही तसंच आहे. ३६० केबीच्या फ्लॉपीवर इंचाला ४८ ट्रॅक, १.२ एमबीवर ९६, साडेतीन इंचीवर १३५. म्हणजे दोन ट्रॅकच्या मध्यांतलं अंतर ०.५३ मिमीवरून ०.१९ मिमीपर्यंत खाली येतं.

याचा फायदा वाचताना कळतो. डबल डेन्सिटीमध्ये (३६० आणि ७२० केबी) चुंबकीय दिशेचे दोन बदल एकमेकांपासून ४, ६ किंवा ८ मायक्रोसेकंदांवर येतात. हाय डेन्सिटीमध्ये (१.२ आणि १.४४ एमबी) तेच २, ३ आणि ४ मायक्रोसेकंदांवर येतात. कंट्रोलरला (ड्राइव्ह चालवणाऱ्या सर्किटला) ४ आणि ६ यांतला फरक ओळखायचा असेल तर चुकायला एक मायक्रोसेकंदाची मोकळीक असते, २ आणि ३ मध्ये फक्त अर्धा. मोटर जरा डगमगली, हेडवर (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकावर) थोडी धूळ बसली, फ्लॉपी केंद्रापासून किंचित सरकली, तरी डबल डेन्सिटीची फ्लॉपी वाचली जाते आणि हाय डेन्सिटीची तिथेच अडते.

आमच्या मते सगळ्यांत चांगला मेळ ७२० केबीच्या साडेतीन इंची फ्लॉपीत आहे. कडक कवच, आपोआप मिटणारं धातूचं शटर, फ्लॉपी दर वेळी त्याच जागी बसवणारी मधली धातूची चकती, आणि वर डबल डेन्सिटीची ऐसपैस जागा. १.४४ आल्यावर हिच्याकडे दुर्लक्ष झालं, पण पाचशे केबीचं काम असेल तर हीच निवडावी.

मग जुन्या फॉर्मॅटमध्ये उणं काहीच नाही का?

आहे ना. सव्वापाच आणि आठ इंची फ्लॉप्यांची वाचनाची खिडकी कायम उघडी असते. एक बोट लागलं की तेलकट ठसा थेट माहितीवर. कवच लवचीक असल्यामुळे घडी पडते. शिवाय सव्वापाच इंची डबल डेन्सिटीच्या लेपाची कोअर्सिव्हिटी (चुंबकीय ठसा पुसायला लागणारं बळ) सुमारे ३०० ओर्स्टेड असते, हाय डेन्सिटीची सुमारे ६००. म्हणजे जुनी फ्लॉपी बाहेरच्या चुंबकाला लवकर बळी पडते. स्पीकरवर ठेवलेली ३६० केबीची फ्लॉपी धोक्यातच असते.

"१.४४ एमबी" हा आकडा नेमका कुठून आला?

८० ट्रॅक, २ बाजू, दर ट्रॅकचे १८ तुकडे म्हणजे सेक्टर, दर सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६० बाइट. याला १,०२४ ने भागलं की १,४४० केबी, आणि पुढे १,००० ने भागलं की १.४४. दोन वेगळ्या मापांची सरमिसळ आहे, त्यामुळे खऱ्या अर्थाने ते "एमबी" कुठल्याच हिशोबात बसत नाही. त्यातले ३३ सेक्टर बूट सेक्टर (फ्लॉपीचा पहिला सेक्टर), फॅटच्या (कोणती फाइल कुठे आहे त्या तक्त्याच्या) दोन प्रती आणि मूळ डिरेक्टरी यांत जातात. फायलींसाठी १४,५७,६६४ बाइट उरतात. मूळ डिरेक्टरीत २२४ नोंदी मावतात. छोट्या छोट्या फायली खूप असतील तर जागा शिल्लक असूनही फ्लॉपी "भरते" ती यामुळे.

माझ्या हातातली फ्लॉपी कोणती, हे कसं ओळखायचं?

साडेतीन इंचीचं सोपं. एकाच कोपऱ्यात सरकत्या खुंटीचं भोक असेल तर डबल डेन्सिटी (७२० केबी, मॅकवर ४०० किंवा ८००, ॲमिगा संगणकावर ८८०). समोरच्या कोपऱ्यात दुसरं, कायम उघडं भोक असेल तर हाय डेन्सिटी. ते दुसरं भोक नेहमीच्या जागेपासून थोडं सरकलेलं असेल तर २.८८ एमबी, या फारच कमी दिसतात.

सव्वापाच इंचीत मधल्या भोकाकडे बघा. त्याच्याभोवती मजबुतीसाठी चिकटवलेली कडी दिसली तर बहुधा ३६० केबी, कडी नसेल तर बहुधा १.२ एमबी. ही खूण पक्की नाही, कारण काही उत्पादकांनी डबल डेन्सिटीलाही कडी लावली नव्हती. लेबलवर "४८ टीपीआय" किंवा "९६ टीपीआय" (इंचाला ट्रॅक) छापलेलं असेल तर तोही पुरावा धरा, मात्र ९६ टीपीआय म्हणजे हाय डेन्सिटीच असं नाही. ८० ट्रॅकच्या डबल डेन्सिटी फ्लॉप्याही होत्या.

मधल्या भोकाशेजारी जे लहान भोक असतं ते इंडेक्सचं. फ्लॉपी कवचाच्या आत बोटांनी सावकाश फिरवा. एका फेरीत एकदाच भोक समोर आलं तर सॉफ्ट सेक्टर. सव्वापाच इंचीत ११ किंवा १७ वेळा, आठ इंचीत ३३ वेळा आलं तर हार्ड सेक्टर. एक भोक फेरीच्या सुरुवातीचं आणि बाकीची सेक्टरची. नॉर्थस्टारच्या यंत्रांच्या फ्लॉप्या दहा सेक्टरच्या हार्ड सेक्टर असत. अशी फ्लॉपी पीसीच्या साध्या कंट्रोलरला वाचता येत नाही.

फ्लॉपीवर चुकून काही लिहिलं जाऊ नये म्हणून काय करायचं?

तीन आकार, तीन पद्धती, आणि घोळ इथेच होतो.

साडेतीन इंची: भोक उघडं ठेवलं तर संरक्षण, खुंटीने झाकलं तर लिहिता येतं.
सव्वापाच इंची: कडेची खाच झाकली तर संरक्षण, उघडी असेल तर लिहिता येतं.
आठ इंची: बरोबर उलटं. खाच उघडी तर संरक्षण, झाकली तर लिहिता येतं.

सव्वापाच इंचीची खाच झाकायला अपारदर्शक पट्टी वापरा. पुष्कळ ड्राइव्ह खाच प्रकाशाने तपासतात. पारदर्शक चिकटपट्टी लावली तर ड्राइव्हच्या लेखी खाच उघडीच.

"मी फक्त वाचणार आहे" म्हणून हे टाळू नका. विंडोज ९५ आणि त्या कुळातल्या पुढच्या आवृत्त्या संरक्षण नसलेल्या फ्लॉपीची नुसती यादी बघितली तरी बूट सेक्टरमधल्या निर्मात्याच्या नावाच्या जागेवर स्वतःची खूण लिहून ठेवतात. बऱ्याचदा त्याने बिघडत काही नाही, पण त्या बाइटवर अवलंबून असलेलं जुनं सॉफ्टवेअर नंतर सुरू होत नाही, आणि प्रत मूळ राहत नाही ती वेगळीच.

३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये लिहिल्यावर जुन्या यंत्रात का चालत नाही?

१९८४ मध्ये आयबीएम पीसी एटीबरोबर १.२ एमबीचा ड्राइव्ह आला. त्यात ट्रॅक ४० ऐवजी ८० झाले, म्हणून हेड अरुंद झालं. जुन्या ड्राइव्हचा ट्रॅक साधारण ०.३३ मिमी रुंद, नव्याचा त्याच्या निम्मा. ३६० केबीची फ्लॉपी वाचताना नवा ड्राइव्ह दर वेळी दोन पावलं टाकतो. एका सेकंदाला २५० ऐवजी ३०० किलोबिट वाचतो, कारण तो मिनिटाला ३०० ऐवजी ३६० फेरे घेतो. वाचनापुरतं हे उत्तम चालतं.

अडचण लिहिताना होते. अरुंद हेड रुंद ट्रॅकच्या मधोमध नवी माहिती लिहितं, पण दोन्ही कडांना जुनी माहिती तशीच शिल्लक राहते. ही फ्लॉपी जुन्या ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये घातली की त्याचं रुंद हेड नवी आणि जुनी माहिती एकदमच वाचतं. परिणाम: सेक्टर सापडत नाही, किंवा कधी सापडतो, कधी नाही. १.२ च्या ड्राइव्हमध्ये मात्र तीच फ्लॉपी ठणठणीत वाटते, म्हणून दोष चुकीच्या यंत्राला दिला जातो.

उपाय दोन. पहिला आणि खरा: लिहायचं असेल तर ३६० केबीच्या ड्राइव्हवरच लिहा. दुसरा: फ्लॉपी विजेवर चालणाऱ्या डिगॉसरने (चुंबकीय माहिती पुसणाऱ्या यंत्राने) पूर्ण कोरी करा, मग १.२ च्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीची म्हणून फॉरमॅट करून लिहा. कडांना जुनं काही उरलेलंच नसल्यामुळे रुंद हेडला फक्त नवी माहिती मिळते. ती थोडी क्षीण असते, पण बहुतेक वेळा वाचली जाते. त्यानंतर एकदा जरी रुंद हेडच्या ड्राइव्हने तिच्यावर लिहिलं आणि पुन्हा अरुंद हेडने लिहिलं, तर मूळ दुखणं परत सुरू.

डिगॉसर वापरताना तो फ्लॉपीवर गोल फिरवत हळूहळू हातभर लांब न्या आणि मगच बंद करा. जवळ असतानाच बंद केला तर फ्लॉपीवर एक पक्का चुंबकीय ठसा राहतो.

हाय डेन्सिटी फ्लॉपीचं भोक झाकून ती ७२० केबीची म्हणून वापरता येते का?

साडेतीन इंचीत चालून जातं, कारण दोन्ही लेपांची कोअर्सिव्हिटी फार लांब नाही: डबल डेन्सिटीची ६०० च्या थोडी वर, हाय डेन्सिटीची ७२० च्या आसपास. डबल डेन्सिटीचा कोरा माल मिळत नसेल तर आधी डिगॉस करा, भोक अपारदर्शक पट्टीने झाका आणि फॉरमॅटच्या आज्ञेत ७२० केबी असं स्पष्ट सांगा. कायमच्या जतनासाठी मात्र ही तडजोड नको.

सव्वापाच इंचीत हा प्रयोग करूच नका. तिथे ३०० आणि ६०० असा दुपटीचा फरक आहे. ३६० केबीच्या ड्राइव्हचा लेखन प्रवाह हाय डेन्सिटीच्या लेपावर नीट ठसतच नाही. फॉरमॅट अर्ध्यात अडतो किंवा होऊन गेल्यावर वाचता येत नाही. डबल डेन्सिटीला भोक पाडून हाय डेन्सिटी करण्याची युक्तीही टाळा. आज लिहिलेलं उद्या वाचलं जाईल याची खात्री त्यात नाही.

याची एक उलटी बाजू वाचताना आठवावी. ॲमिगाचे आणि अटारी एसटीचे डबल डेन्सिटी ड्राइव्ह ते दुसरं भोक बघतच नसत. त्यामुळे हाय डेन्सिटीच्या कवचात डबल डेन्सिटीची माहिती असलेल्या फ्लॉप्या भरपूर सापडतात. पीसीच्या ड्राइव्हमध्ये घालण्याआधी भोक झाका, नाहीतर ड्राइव्ह स्वतःला हाय डेन्सिटीत बदलून घेतो आणि फ्लॉपी "कोरी" दिसते.

यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह पुरेसा आहे का?

पीसीच्या १.४४ एमबी आणि ७२० केबीच्या, धडधाकट फ्लॉप्यांसाठी हो. बाकी कशासाठीच नाही. हे ड्राइव्ह सेक्टरच्या पातळीवरच बोलतात. कच्चा सिग्नल बाहेर देत नाहीत. मॅकची ८०० केबी, ॲमिगाची ८८० केबी, प्रत-संरक्षण असलेला खेळ किंवा १.६८ एमबीची खास फॉर्मॅट केलेली फ्लॉपी यांवर ते हात टेकतात. सव्वापाच इंची ड्राइव्ह तर थेट यूएसबीवाला मिळतच नाही.

ॲपल, कमोडोर, मॅक आणि ॲमिगाच्या फ्लॉप्या पीसीत का वाचता येत नाहीत? आकार तर तोच आहे.

आकार तोच, पण लिहिण्याची लिपी वेगळी. पीसी एमएफएम नावाची पद्धत वापरतो आणि त्याचा कंट्रोलर तेवढीच जाणतो. इतर यंत्रांनी आपापल्या वाटा काढल्या, आणि त्यातल्या काही फारच हुशार आहेत.

१९७८ चा ॲपलचा डिस्क टू हा स्टीव्ह वॉझ्नियॅकने रचलेला ड्राइव्ह. त्याने कंट्रोलरवरच्या चिप मोजक्या ठेवल्या आणि बरंचसं काम सॉफ्टवेअरकडे सोपवलं. ३५ ट्रॅक, आधी १३ सेक्टर; मग जीसीआर नावाचं आपलं संकेतन सुधारून १६ सेक्टर, म्हणजे १,४३,३६० बाइट. ड्राइव्ह तोच राहिला आणि क्षमता वाढली. इंडेक्सचं भोक तो वापरतच नाही.

कमोडोरच्या १५४१ या ड्राइव्हमध्ये मोटर एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या ट्रॅकवर बिट जास्त वेगाने लिहिले जातात. ट्रॅक १ ते १७ वर २१ सेक्टर, १८ ते २४ वर १९, २५ ते ३० वर १८, ३१ ते ३५ वर १७. एकूण ६८३ सेक्टर, १,७४,८४८ बाइट. बाहेरचा ट्रॅक लांब असतो, मग त्यावर जास्त का लिहू नये, हा साधा विचार पीसीच्या फॉर्मॅटने कधी केलाच नाही.

मॅकने तीच गोष्ट उलट्या बाजूने केली. बिटचा वेग तोच, मोटरचा वेग बदलता: आतल्या ट्रॅकवर मिनिटाला सुमारे ५९०, बाहेरच्या ट्रॅकवर सुमारे ३९४ फेरे. दर सोळा ट्रॅकचा एक गट, बाहेरून आत १२, ११, १०, ९ आणि ८ सेक्टर. त्यामुळे ज्या डबल डेन्सिटी फ्लॉपीवर पीसी ७२० केबी बसवतो, तिथे मॅक ८०० बसवतो. फ्लॉपी वाचताना मॅकच्या ड्राइव्हचा सूर बदलताना ऐकू येतो, तो याचमुळे.

ॲमिगा एमएफएमच वापरतो, पण संपूर्ण ट्रॅक एकदम लिहितो आणि वाचतो. सेक्टरांमध्ये मोकळ्या जागा सोडाव्या लागत नाहीत, म्हणून ९ ऐवजी ११ सेक्टर बसतात आणि ९,०१,१२० बाइट मिळतात. पीसीच्या कंट्रोलरला त्या रचनेत सेक्टरची सुरुवातच सापडत नाही.

अटारी एसटी मात्र याला अपवाद. त्याची रचना पीसीच्या बरीच जवळ असल्यामुळे ७२० केबीच्या फ्लॉप्या बहुधा वाचल्या जातात.

फ्लक्स वाचणारं यंत्र म्हणजे काय?

ड्राइव्हकडून येणारा कच्चा सिग्नल, म्हणजे चुंबकीय दिशा कोणत्या क्षणी बदलली त्याची वेळ, जसाच्या तसा नोंदवणारा छोटा बोर्ड. एकीकडे ३४ पिनांची फ्लॉपी केबल, दुसरीकडे यूएसबी. ग्रीझवीझल, क्रायोफ्लक्स, सुपरकार्ड प्रो ही त्यातली नावं. ॲपलच्या फ्लॉप्यांसाठी ॲपलसॉस. लिपी कोणतीही असो, आधी नोंद करून ठेवायची आणि उलगडा नंतर सॉफ्टवेअरने करायचा. उलगडा चुकला तर पुन्हा फ्लॉपी फिरवावी लागत नाही, हा त्याचा सगळ्यांत मोठा फायदा, कारण जीर्ण फ्लॉपीची प्रत्येक फेरी लेप झिजवते.

सव्वापाच इंचीसाठी १.२ एमबीचा ड्राइव्ह जोडा. तो ४० आणि ८० दोन्ही प्रकारचे ट्रॅक वाचतो. साडेतीन इंचीसाठी पीसीचा कुठलाही निरोगी १.४४ चा ड्राइव्ह चालतो, मॅकच्या ८०० केबीच्या फ्लॉप्यांसाठीही, कारण बदलत्या वेगाचा हिशोब सॉफ्टवेअर करतं.

दोन्ही बाजूंनी वापरलेल्या, म्हणजे उलटवून घालायच्या कमोडोर आणि ॲपलच्या फ्लॉप्यांमध्ये एक खोच आहे. फ्लॉपी उलटी घातली की इंडेक्सचं भोक सेन्सरसमोर येत नाही, आणि पुष्कळ ड्राइव्ह इंडेक्स दिसल्याशिवाय सिग्नलच बाहेर सोडत नाहीत. न उलटवता वरच्या हेडने वाचावं तर ते हेड खालच्या हेडपासून काही ट्रॅक सरकवून बसवलेलं असतं, त्यामुळे ड्राइव्हला शून्य ट्रॅकच्याही पलीकडे जावं लागतं. तशी सोय करता येणारा ड्राइव्ह हवा.

केबल जोडली पण ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेलाच आहे.

केबल उलटी लागली आहे. काढा, फिरवून लावा. सहसा नुकसान होत नाही. लाल कड म्हणजे पिन १. पण अशा अवस्थेत फ्लॉपी आत असू देऊ नका, कारण लिहिण्याची तारही भलत्याच पातळीवर गेलेली असू शकते.

पीसीच्या केबलमध्ये १० ते १६ क्रमांकाच्या तारा पिळलेल्या असतात. पिळाच्या पुढच्या टोकाला "ए" ड्राइव्ह, आधीच्या टोकाला "बी". ड्राइव्हवर निवडीचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी खोचणी) ० ते ३ असेल तर दोन्ही ड्राइव्ह १ वरच ठेवायचे. बदल पीळ करतो. ॲमिगाच्या ड्राइव्हमध्ये मात्र ३४ वी पिन "तयार" असं सांगते, पीसीच्या ड्राइव्हमध्ये तीच "फ्लॉपी बदलली" असं. म्हणून पीसीचा ड्राइव्ह ॲमिगाला नुसता खोचून चालत नाही.

हेड कसं साफ करायचं?

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारी, फोमच्या टोकाची काडी. कानातला कापूस नको. त्याचा एक तंतू हेडखाली अडकला तर ओरखडा नक्की. काडी ओली करून झटका आणि हेडवर हलकेच दोन-तीनदा फिरवा. तपकिरी डाग उतरणं थांबेपर्यंत दर वेळी नवी काडी घ्या. पाच मिनिटं सुकू द्या.

दोन हेडच्या ड्राइव्हमध्ये वरची भुजा गरजेपुरती, काही मिलिमीटरच उचला. ती पातळ स्प्रिंगवर तरंगलेली असते. जास्त उचलली की वाकते, आणि वाकलेली स्प्रिंग सरळ होत नाही. एकाच बाजूच्या ड्राइव्हमध्ये वरच्या हेडच्या जागी नमद्याची छोटी गादी असते. तिला अल्कोहोल लावू नका. झिजून गुळगुळीत झाली असेल तर बदला, नाहीतर फ्लॉपी हेडला नीट टेकत नाही.

कोरडी, खरखरीत साफसफाईची फ्लॉपी वापरू नका. ओल्या प्रकारची चालेल.

फ्लॉपीवर पांढरे ठिपके दिसतात. फिरताना चीं-चीं आवाज येतो.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पहिलं पाऊल एकच: थांबा, ड्राइव्हमध्ये घालू नका.

पांढुरके, जाळीदार ठिपके म्हणजे बुरशी. अशी फ्लॉपी फिरवली की बुरशी हेडवर चढते, लेप खरवडला जातो आणि ते खराब झालेलं हेड पुढची चांगली फ्लॉपीही ओरबाडतं. एका डब्यातली पहिली फ्लॉपी बिघडली आणि मग सगळीच गेली, असं होतं ते यामुळे. सव्वापाच इंचीचं कवच वरच्या कडेने उघडा, चकतीची कोणती बाजू वर आहे ते आधी टिपून ठेवा, ती अलगद बाहेर काढा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा थेंब घालून, धागे न सुटणाऱ्या कापडाने न दाबता पुसा, नुसत्या पाण्याने पुन्हा पुसा आणि पूर्ण दिवसभर सुकू द्या. जुन्या कवचात परत घालू नका. आतल्या अस्तरात बुरशी असतेच. कोऱ्या फ्लॉपीचं कवच वापरा. साडेतीन इंचीत मधली धातूची चकती डिंकाने चिकटवलेली असते, तिथे पाणी साचू देऊ नका.

आवाज म्हणजे लेप धरून ठेवणारा चिकट पदार्थ विघटित होतोय. हेडवर तपकिरी थर जमतो आणि फ्लॉपीवर चकाकणारी गोल रेघ दिसते. त्या रेघेवरची माहिती गेलेली असते. हेड साफ करा. फ्लॉपी खूप महत्त्वाची असेल तर चकतीवर सायक्लोमेथिकोनचा (एका सिलिकॉन द्रवाचा) पातळ थर देऊन एकदाच, फ्लक्स यंत्राने वाचतात. ते उडून जातं. तो उपचार नाही, एका वाचनापुरती सवलत आहे.

प्रत घेण्याचा योग्य क्रम कोणता?

फ्लॉप्या थंड किंवा दमट जागेतून आणल्या असतील तर वाचण्याआधी एक दिवस खोलीत राहू द्या. मग लेबलचा फोटो काढा, संरक्षण लावा, खिडकीतून दोन्ही बाजू उजेडात बघा. हेड साफ करा आणि आधी बिनमहत्त्वाच्या फ्लॉपीवर ड्राइव्ह तपासा. नंतर फ्लक्सची नोंद घ्या, दर ट्रॅकला तीन फेरे पुरेत. उलगडा करून वाईट सेक्टर मोजा. दर पाच-दहा फ्लॉप्यांनंतर हेड पुन्हा बघा.

काही सेक्टर अडले तर लगेच वीस वेळा वाचत बसू नका. हेड साफ करून एकदा, दुसऱ्या ड्राइव्हवर एकदा. दोन ड्राइव्हवरून आलेल्या नोंदी एकत्र करून पुष्कळदा पूर्ण प्रत मिळते, कारण एकाला न दिसलेला सेक्टर दुसऱ्याला दिसतो.

प्रत बरोबर आली हे कशावरून कळतं?

आधी आकार बघा. ३६० केबी: ३,६८,६४० बाइट. ७२० केबी: ७,३७,२८०. १.२ एमबी: १२,२८,८००. १.४४ एमबी: १४,७४,५६०. आठ इंची सिंगल डेन्सिटी: २,५६,२५६. एकही बाइट इकडेतिकडे असेल तर काहीतरी राहिलं आहे. पण आकार बरोबर म्हणजे माहिती बरोबर असं नाही. न वाचलेल्या सेक्टरच्या जागी काही सॉफ्टवेअर शून्यं भरतात. म्हणून चुकांची नोंदही प्रतीबरोबर जपून ठेवा.

एकाच फ्लॉपीला एक ड्राइव्ह वाचतो, दुसरा नाही. दोष कुणाचा?

दुसऱ्या ड्राइव्हमध्ये बाकीच्या फ्लॉप्या चालत असतील तर बहुधा ही फ्लॉपी हेड सरकलेल्या ड्राइव्हवर लिहिलेली आहे, आणि पहिला ड्राइव्ह योगायोगाने त्याच बाजूला झुकलेला आहे. चांगल्या ड्राइव्हचे स्क्रू सैल करू नका. हेडची जागा परत बसवायला कारखान्यात लिहिलेली खास ॲनालॉग फ्लॉपी आणि ऑसिलोस्कोप लागतो. नुसत्या डोळ्यांनी ते जमत नाही. त्या कामासाठी एक जादाचा ड्राइव्ह बळी द्यायचा आणि त्याचं हेड फ्लॉपीच्या मापाने सरकवायचं.

त्याआधी वेग तपासा. ३०० फेऱ्यांच्या ड्राइव्हचा एक फेरा २०० मिलिसेकंदांचा, ३६० च्या ड्राइव्हचा १६६.७. फ्लक्स यंत्र हा आकडा थेट दाखवतं. दीड टक्क्याहून जास्त फरक असेल तर वेगाचा स्क्रू हळूच फिरवा. जुन्या पट्ट्याच्या ड्राइव्हच्या चाकाखाली काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन वर्तुळं असतात, एक ५० हर्ट्झसाठी, एक ६० साठी. विजेच्या दिव्याखाली आपल्या वर्तुळाच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. आधुनिक एलईडी दिव्याखाली ही युक्ती बहुधा फसते, तो पुरेसा लुकलुकत नाही.

आठ इंची ड्राइव्ह आजही चालवता येईल?

येईल, आणि तो वाटतो तितका परका नाही. आयबीएमने १९७१ मध्ये फ्लॉपी आणली ती मोठ्या संगणकांत सूक्ष्म आज्ञा भरण्यासाठी, फक्त वाचायची म्हणून. १९७३ मध्ये ३७४० या यंत्राबरोबर लिहिता येणारी आली: ७७ ट्रॅक, २६ सेक्टर, १२८ बाइट. हाच फॉर्मॅट सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जगात सर्वमान्य देवाणघेवाणीचा ठरला. पुढे सव्वापाच इंचीत प्रत्येक निर्मात्याने आपली वेगळी मांडणी काढली आणि ती एकवाक्यता गेली. आठ इंचीचा हा गुण आम्हाला आजही मोठा वाटतो.

जोडणी ५० पिनांची असते, ३४ पिनांत बदलणारा अडॅप्टर लागतो. वीज ५ आणि २४ व्होल्ट, काहींना उणे ५ सुद्धा. जुन्या ड्राइव्हची मोटर थेट घरगुती विजेवर चालते आणि तिची कप्पी ५० किंवा ६० हर्ट्झनुसार वेगळी असते. चुकीची कप्पी असेल तर वेग वीस टक्क्यांच्या आसपास चुकतो. लिहायचं असेल तर ४३ व्या ट्रॅकच्या पुढे लेखन प्रवाह कमी करण्याचा सिग्नल द्यावा लागतो. वाचताना त्याची गरज नाही.

सिंगल डेन्सिटीचं एफएम संकेतन पीसीच्या पुष्कळ कंट्रोलरना येत नाही, फ्लक्स यंत्राला येतं. आणि ३६० फेरे, सेकंदाला ५०० किलोबिट ही १.२ एमबीच्या सव्वापाच इंची ड्राइव्हची मापं डबल डेन्सिटी आठ इंचीशी तंतोतंत जुळतात. त्यामुळे बिघडलेल्या आठ इंचीच्या जागी, योग्य अडॅप्टर लावून, तो ड्राइव्ह ७७ ट्रॅकवर बसवता येतो.

ड्राइव्हची मोटर फिरते पण फ्लॉपी फिरत नाही, किंवा हेड हलत नाही.

ॲम्स्ट्रॅड संगणकांच्या तीन इंची ड्राइव्हमध्ये पट्टा असतो, आणि त्याचं रबर काळ्या चिकट डांबरासारखं होतं. जुना पट्टा ओढून काढा, दोन्ही चाकांवरचा राळेसारखा थर अल्कोहोलने पूर्ण पुसा, तेवढ्याच लांबीचा चपटा पट्टा घाला आणि वेग पुन्हा मोजा. ताण बदलला की वेगही बदलतो.

साडेतीन इंचीत हेड अडण्याचं कारण बहुतेक वेळा हेड सरकवणाऱ्या स्टेपर मोटरच्या आट्यांवरचं घट्ट झालेलं ग्रीस. ते काढून पांढऱ्या लिथियम ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. थेंब पडला तर तो हेडकडेच जातो. मॅकचा ड्राइव्ह फ्लॉपी बाहेर टाकत नसेल तर ती बाहेर ढकलणाऱ्या छोट्या मोटरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक तपासा. त्याचे दात काळानुसार भुगा होऊन गळतात. जोर लावून फ्लॉपी ओढू नका, शटर वरच्या हेडमध्ये अडकतं आणि हेड उपटून निघतं. समोरच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप घालून सावकाश ढकला. तरी अडत असेल तर ड्राइव्ह उघडा.

जुन्या यंत्रात फ्लॉपीऐवजी इम्युलेटर (फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग घेणारं यंत्र) लावावा का?

रोजच्या वापरासाठी जरूर. गोटेक नावाच्या इम्युलेटरवर फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) घातलं की पेनड्राइव्हवरच्या प्रती यंत्राला खऱ्या फ्लॉप्या वाटतात, आणि मूळ फ्लॉप्यांची झीज थांबते. खरा ड्राइव्ह मात्र काढून फेकू नका. फ्लॉपीवरून प्रत काढायला तोच लागणार आहे, आणि सोनीनेही २०११ मध्ये साडेतीन इंची फ्लॉप्यांची विक्री थांबवली. आता चालू ड्राइव्ह म्हणजे कुणीतरी दुरुस्त केलेला जुनाच.

फ्लॉप्या ठेवायच्या कशा?

उभ्या, आपापल्या पाकिटात, कोरड्या आणि थंड जागी. रबराने बांधू नका, सव्वापाच इंचीच्या कवचावर बॉलपेनने लिहू नका, लेबल आधी लिहा आणि मग चिकटवा. विमानतळावरच्या एक्स-रेने काही होत नाही. चुंबकाने, स्पीकरने आणि मोटरच्या शेजाराने होतं.